देवरुखजवळच्या मावशींकडे लिनक्स आणि घरचे इंटरनेट : प्रकल्प नोंदी

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५ (भाऊबीज)

आईच्या मामेबहिणीच्या जाऊबाई म्हणजे नाते सांगताना बोटे मोजावी लागावीत इतक्या लांबच्या. पण लहानपणापासून मी त्यांना मावशीच म्हणत आले आहे. देवरुखपासून सात-आठ किलोमीटरवरील वाडीत त्या आणि काका असे दोघेच राहतात. मावशींची सारी नोकरी टपाल खात्यात झाली आणि पेन्शनही तिथलीच आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. दरवर्षी त्यासाठी एसटीने जाऊन रांगेत उभे राहावे लागते आणि यंदा गुडघेदुखीमुळे ते जमणार नाही, म्हणून घरून दाखला देता येईल असे इंटरनेट लावून दे, असे त्यांनी दिवाळीपूर्वीच फोनवर सांगितले होते.

आज पोहोचल्यावर आधी पाहणी केली. गणपतीच्या सुमारास स्थानिक केबलवाल्याने फायबरची जोडणी दिली आहे. केबल विजेच्या खांबावरून माडापर्यंत आणि माडावरून ओटीच्या खिडकीपर्यंत आली आहे. आत भिंतीवर प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संदेशात करणारी पांढरी पेटी, म्हणजे ओएनटी, आणि तिच्या शेजारी काकांच्या पुतण्याने दिलेला जुना राउटर आहे. जोडणी दिल्यापासून नेट एक-दोन दिवस चालले, मग कधी यायचे, कधी जायचे, आणि गेला आठवडाभर मुळीच नाही, असे काकांनी सांगितले. पेटीवरचा एलओएसचा दिवा लाल लुकलुकत होता. त्याचा अर्थ केबलमधून पुरेसा प्रकाशच येत नाही, आणि तोवर लॅपटॉपकडे बोट दाखवण्यात काही हशील नाही. केबलवाल्याला फोन केला. सण असल्यामुळे रविवारी माणूस पाठवतो, असे उत्तर मिळाले.

लॅपटॉप २०१४चा असून त्याची मेमरी ४ जीबी आहे. त्यावर विंडोज १० आहे आणि कंपनीकडून त्याला सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा याच महिन्याच्या १४ तारखेला संपल्या. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तो या यंत्रात नाही. यंत्र मात्र उत्तम अवस्थेत आहे. मावशींनी त्याला स्वतः शिवलेली खोळ घातली आहे आणि कळफलकात धुळीचा कण नाही. असे यंत्र भंगारात घालणे मला पटत नाही, म्हणून पुण्याहून निघताना २४० जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान नवी डिस्क, आणि लिनक्स मिंट २२.२ या विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती भरलेला पेनड्राइव्ह बरोबर आणला होता. ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतील.

कामाचे उद्दिष्ट आजच लिहून ठेवते. मी पुण्याला परतल्यानंतर बिघाड झाला, तर तो केबलमध्ये आहे, राउटरमध्ये आहे की लॅपटॉपमध्ये, हे मावशींना स्वतः ओळखता आले पाहिजे. नुसते नेट चालू करून देणे हे निम्मेच काम झाले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी जुन्या डिस्कवरील छायाचित्रे आणि मावशींची पत्रे वेगळी काढून ठेवली आणि एसएसडी बसवली. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पडदा, आवाज, कळफलक, कॅमेरा तपासला. प्रतिष्ठापनेला अर्धा तासही लागला नाही. एकच उणीव राहिली, ती म्हणजे वाय-फायची यादीच दिसेना. या यंत्रातील वाय-फाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे सॉफ्टवेअर, मुक्त परवान्याचा नसल्यामुळे तो वेगळा बसवावा लागतो. ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर, असा पेच लिनक्सवर नव्याने येणाऱ्या अनेकांना पडतो. एरवी राउटरची तार लॅपटॉपला जोडून तो सुटला असता, पण इथे राउटरपर्यंतच काही येत नव्हते.

अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट लॅपटॉपला देण्याची सोय, चालू करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण लिनक्स त्या फोनला तारेच्या जोडणीसारखेच ओळखते आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही. अडचण फोनच्या रेंजची होती. या घरात रेंज एकाच ठिकाणी मिळते, अंगणातल्या तुळशीवृंदावनापाशी. लॅपटॉपची बॅटरी पाच-सात मिनिटांपलीकडे टिकत नाही, म्हणून काकांनी ओटीवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणला, मी वृंदावनाच्या पायरीवर पाट ठेवून त्यावर लॅपटॉप मांडला आणि फोन वृंदावनाच्या कट्ट्यावर पणतीशेजारी उभा केला. ड्रायव्हर मॅनेजरने चिप लगेच ओळखली आणि ड्रायव्हर उतरवून घेतला.

यंत्रात सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरला सुरुवातीलाच रोखणारी सोय, चालू असल्यामुळे बाहेरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चढण्यापूर्वी त्याच्या सहीची किल्ली मालकाने मान्य करावी लागते. प्रतिष्ठापनेच्या वेळी एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा आणि यंत्र पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तो द्यायचा, अशी ती पद्धत आहे. तो पडदा दहा सेकंद थांबतो आणि कोणी कळ दाबली नाही तर निघून जातो. नेमका त्याच वेळी पाऊस आला. ऑक्टोबर संपत आला तरी यंदा त्याने पाठ सोडलेली नाही. लॅपटॉप उचलून ओटीवर धावेपर्यंत दहा सेकंद उलटून गेली होती, त्यामुळे किल्लीची विनंती पुन्हा नोंदवावी लागली. दुसऱ्या वेळी मावशी पडद्यासमोर बसल्या, कळ त्यांनीच दाबली आणि पासवर्डही त्यांनीच घातला. यादीत त्यांच्या राउटरचे नाव दिसले, तेव्हा त्यांनी मला नव्हे, काकांना हाक मारली.

सिक्युअर बूट बंद करून हे सारे टाळता आले असते आणि बरेच जण तेच करतात. पण ज्या यंत्रावर पेन्शनचे व्यवहार होणार त्याचे एक कुलूप केवळ माझा वेळ वाचावा म्हणून काढून टाकणे मला योग्य वाटले नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

एलओएसचा दिवा तसाच लाल आहे. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, तो बदलला आणि बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएसची सोय बंद केली. फायबर जोडणीत लॉगिन करण्याच्या पीपीपीओई पद्धतीसाठीचे नाव आणि पासवर्ड पावतीच्या मागे पेन्सिलने लिहिलेले सापडले. राउटर कधी मूळ स्थितीत आणावा लागला तर या दोन ओळींवाचून सगळे अडते, म्हणून ते शाईने लिहून पाकिटात घातले आणि पाकीट मावशींच्या पेन्शनच्या फाइलमध्ये ठेवले.

रविवार, २६ ऑक्टोबर

केबलचा मुलगा साडेदहाला आला. त्याने हिरव्या टोकाचा कनेक्टर काढून पॉवर मीटरला लावला, तर उणे २९.५ डीबीएम आले. डीबीएम हे संदेशाची ताकद मोजण्याचे एकक, आकडा शून्यापासून जितका खाली तितकी ताकद कमी. या प्रकारच्या जोडणीत घरातील पेटीला साधारण उणे २७पर्यंतचा प्रकाश वाचता येतो. आकडा त्याच्याही खाली गेलेला होता. खांबावरच्या डब्यात मात्र त्याला उणे २०च्या आसपास प्रकाश मिळाला. म्हणजे दोष खांब आणि ओटी यांच्या मधल्या साठ-सत्तर मीटरमध्येच होता. वानरे या केबलला लोंबकळतात, त्यामुळे त्याचा पहिला संशय माडाजवळच्या भागावर गेला आणि संपूर्ण केबल बदलावी लागेल असे तो म्हणाला.

केबल बदलण्यापूर्वी ती एकदा हाताने चाचपून पाहू, असा आग्रह मी धरला. माडाशी काही नव्हते. खिडकीशी मात्र जास्तीची केबल गजाभोवती चार वेढे घालून प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळलेली होती. गज जेमतेम अर्ध्या इंचाचा आहे. म्हणजे वेढ्याची त्रिज्या ६ मिलिमीटर. घरापर्यंत आणायच्या केबलमधील सर्वसाधारण तंतू १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सोसतो, त्याहून आवळ वळणात प्रकाश काचेच्या गाभ्यातून बाहेर निसटू लागतो. तांब्याच्या तारेला असे वेढे दिले तर काही बिघडत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तांब्याची केबल ओढलेला हात फायबरलाही तशीच बांधतो. पट्टी कापली आणि वेढे सोडवले. मीटर उणे २१.० दाखवू लागला. साडेआठ डेसिबलचा हा फरक म्हणजे पूर्वीच्या सुमारे सातपट प्रकाश. जास्तीच्या केबलचे ताटाएवढे सैल वेटोळे करून ते खिडकीच्या वर खुंटीला अडकवले. मुलगा समजूतदार होता. वाडीतल्या आणखी दोन घरी त्याने केबल अशीच बांधली आहे, तिथेही आजच जाऊन सोडवतो, असे सांगून गेला.

दिवा हिरवा झाला, राउटरने जोडणी घेतली आणि काकांच्या फोनवर यूट्यूबवर भजन लागले. काम झाले असे वाटत असतानाच मावशींनी लॅपटॉपवर त्यांच्या बँकेचे पान उघडायला घेतले आणि ते उघडेना. पान फिरत राहायचे, त्रुटीचा संदेशही यायचा नाही. फोनवर वाय-फायवरून तेच झाले. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता. काही पाने झटकन उघडत होती, काही अजिबात नाही, आणि ती कायम तीच होती.

ठरावीक संकेतस्थळेच अडतात आणि व्हिडिओ मात्र सुरळीत चालतो, हे लक्षण माझ्या ओळखीचे होते. नेटवर माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. रात्री जेवणानंतर मावशींना शेजारी बसवून पिंगची, म्हणजे चाचणीचे पाकीट पाठवून उत्तर येते का ते पाहण्याची, आज्ञा दिली आणि तिला 'या पाकिटाचे तुकडे करू नयेत' अशी सूचना जोडली. १४७२ बाइटचा भार पाठवला तर एकही उत्तर आले नाही. १४६४चा पाठवला तर सगळी उत्तरे आली. प्रत्येक पाकिटावर २८ बाइटची शीर्षके चढतात, तेव्हा जाऊ शकणारे सर्वांत मोठे पाकीट १४९२ बाइटचे. इथरनेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइटची असते, पण पीपीपीओई त्यातील ८ बाइट स्वतःच्या वेष्टनासाठी घेते आणि १४९२ उरतात. राउटरच्या पानावर मात्र एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराच्या, चौकटीत कोणीतरी हाताने १५०० भरून ठेवले होते. त्यामुळे घरातील यंत्रे पलीकडच्या सर्व्हरला '१५००पर्यंतची पाकिटे चालतील' असे कळवत होती. सर्व्हर तेवढी पाकिटे पाठवी, ती वाटेत अडत, आणि 'पाकीट मोठे आहे, लहान पाठवा' ही माघारी जाणारी सूचना काही सर्व्हरांच्या सुरक्षा-भिंती आत घेत नसल्यामुळे सर्व्हर तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राही. सुरक्षित पान उघडताना पहिल्याच देवघेवीत प्रमाणपत्राची मोठी पाकिटे येतात, म्हणून बँकेचे पान दारातच अडत होते. यूट्यूब ज्या क्विक पद्धतीने चालते, तिची पाकिटे मुळातच लहान असल्यामुळे भजनाला अडचण नव्हती.

मी हे समजावत असताना मावशींनी मला थांबवले. "पाकिटावर 'घडी घालू नये' असा शेरा असेल आणि ते पेटीच्या फटीत मावत नसेल, तर पोस्टमन ते परत आणतो आणि पाठवणाऱ्याला चिठ्ठी जाते. इथे चिठ्ठीच गहाळ होतेय, म्हणून तो बिचारा तेच पाकीट परत परत टाकतोय. असंच ना?" मी हा विषय पाठ्यपुस्तकांतून शिकले आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत तो मला कोणी सांगितला नव्हता.

आधी केवळ लॅपटॉपवर एमटीयू १४९२ करून पाहिले आणि बँकेचे पान तत्काळ उघडले. निदान पक्के झाले. तिथेच थांबले असते तर लॅपटॉप चालला असता, पण हयातीचा दाखला ज्या फोनवरून द्यायचा तो तसाच अडला असता. म्हणून लॅपटॉपवरचा बदल काढून टाकला आणि राउटरमध्येच १४९२ भरले. त्यानंतर दोन्ही फोन आणि लॅपटॉप, तिन्हींवर पान उघडले. तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीने निघण्यापूर्वी मावशींसाठी एक कागद तयार केला. मजकूर मी सांगितला आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, कारण दुसऱ्याच्या अक्षरातला कागद अडचणीच्या वेळी परका वाटतो. क्रम बाहेरून आत असा ठेवला आहे. पेटीवर लाल दिवा असेल तर लॅपटॉपला हात लावायचा नाही, केबलवाल्याला कळवायचे. पेटी हिरवी आणि राउटरचा इंटरनेटचा दिवा विझलेला असेल तर राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू करायचा. दोन्ही ठीक असतील तर फोनवर नेट चालते का ते पाहायचे, आणि फोनवर चालून लॅपटॉपवर चालत नसेल तरच लॅपटॉपकडे वळायचे.

पुण्यातून थेट त्यांच्या यंत्रात शिरता येईल अशी सोय करावी का, याचाही विचार केला. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील आहे. तो अनेक ग्राहकांत वाटलेल्या सामाईक पत्त्यामागचा असल्यामुळे बाहेरून सरळ जोडता येत नाही. त्यावर उपाय आहेत, पण ते केले नाहीत. आपल्या नकळत कोणी घरात येऊ शकते असे दार मावशींना नको होते आणि मलाही ते नको होते.

रविवार, २ नोव्हेंबर

मावशींचा फोन आला. वाय-फायचा पासवर्ड वाडीतल्या बऱ्याच मुलांना ठाऊक झाला होता म्हणून त्यांनी तो राउटरच्या पानावर जाऊन स्वतःच बदलला. हे मी त्यांना शिकवले नव्हते, कागदावरील पत्त्यावरून त्यांनी शोधून काढले. त्यानंतर दोन्ही फोन जोडले गेले, पण लॅपटॉप पासवर्ड स्वीकारेना. फोन चालतो म्हणजे पेटी आणि राउटर ठीक, दोष लॅपटॉपपाशी, इतके निदान त्यांनी फोन करण्यापूर्वीच केलेले होते.

मग लॅपटॉपवर काय बदलले, याची विचारपूस केली. पत्रे लिहिण्यासाठी त्यांनी मराठी कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणी जोडली होती आणि तीच पहिली ठेवली होती. पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरीत टंकत आहोत हे कळायला वाव नव्हता. 'पासवर्ड दाखवा'वर खूण करायला सांगितले, आणि पलीकडून मावशींनी 'कतरग' असे काहीबाही वाचून दाखवले. खालच्या पट्टीवरची भाषेची खूण बदलल्यावर जोडणी झाली. कागदावर पाचवी ओळ त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुसरी फेरी. घराच्या भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या आहेत आणि ओटीवरच्या राउटरचा संदेश माजघरात पोहोचता पोहोचता क्षीण होतो. लॅपटॉपने तिथे उणे ७९ डीबीएम दाखवले. गुडघ्यांमुळे मावशी दिवसाचा बराच वेळ माजघरातच असतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीत आणखी लवकर विरतात, तेव्हा वेगवान राउटर विकत घेऊन काही साधले नसते. पेटी ओटीवरच ठेवली, झरोक्यातून बारा मीटर नेटवर्क केबल आत घेतली आणि राउटर माजघराच्या मधल्या दारावरच्या फळीवर बसवला. आता उणे ५६ येतात. पेटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचे असल्यामुळे दोघांसाठी लहान डीसी यूपीएस लावले. खांबावरच्या डब्यातील स्प्लिटरला, म्हणजे प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या भागाला, वीज लागतच नाही, म्हणून वाडीतली वीज गेली तरी घरातील या दोन वस्तू जाग्या असतील आणि गावातील मुख्य केंद्राला वीज असेल, तर नेट चालू राहते. दुपारी मेन स्विच उतरवून तपासले. फोनवरील व्हिडिओ कॉल तुटला नाही.

संध्याकाळी हयातीचा दाखला देण्याचे जीवन प्रमाणचे ॲप उघडले. आधार क्रमांक, पेन्शन आदेशाचा क्रमांक आणि बँक खाते मावशींनी स्वतः भरले. चेहरा ओळखताना डोळे मिचकावायचे असतात. माजघरातल्या उजेडात पहिल्या दोन वेळा चेहरा घेतला गेला नाही. काकांनी मागीलदार उघडले आणि मावशी उजेडाकडे तोंड करून पाटावर बसल्या. तिसऱ्या वेळी प्रमाणपत्राचा क्रमांक आला. तो त्यांनी आधी वहीत उतरवला, मग मला दाखवला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज फोनवर बोलणे झाले. टपालातल्या सवयीने मावशींनी नेटसाठी वेगळी वही घातली आहे. तिच्यातली कालची नोंद त्यांनी वाचून दाखवली, ती इथे जशीच्या तशी उतरवून घेते : "१५/११. स. ७.१० वा. लाल दिवा. लॅपटॉपला हात लावला नाही. खिडकीशी पाहिले, वेटोळे सैल आहे. माडाशी केबल खाली आलेली, वानरे. केबलवाल्यास ७.२० वा. कळविले. दु. १२.४० वा. जोडून दिली. मीटर उणे २१.४, मुलाकडून विचारून घेतले. दिवा हिरवा."